बाबांच्या बियांचे कांदे

हॅलो?… आई! बरं झालं तूच केलास. अगं, संपलं सगळं… नाही, नाही, छोटी ठणठणीत आहे. कांदे गं, बाबांचे कांदे! माना टाकल्या त्यांनी… सगळ्यांनी! काल चार-दोन कलले होते, आज सकाळी बघते तर अख्खा वाफा आडवा.

हसतेस काय? त्यांच्या हातचं शेवटचं बी होतं ते. डबीत दाणा उरलेला नाही… हो, आणि उरला असता तरी जुनं बी उगवलं नसतं, माहितेय.

मग काय करणार! उभे केले… म्हणजे, आइस्क्रीमच्या काड्या रोवल्या नि दोऱ्यानं पात बांधली… अगं ऐक ना, एकच ओळ झालीय! आता पाणी घालणार, बादली हातातच… ठेवली, ठेवली! ओरडू नकोस, छोटी दचकली.

काय? पिकले?… मान पडली की पिकला?… आपलं आपण?

कुणी सांगतं गं त्यांना?… नाही, खरंच विचारतेय. मी हिच्या दुधाला घड्याळाचा गजर लावते. आणि हे मातीत तोंड खुपसून बसलेले, यांना कळतं, की आता पुरे?

थांब, एक उपटते… सुटला. अलगद सुटला. आई गं!… नाही, लागलं नाही. केवढा आहे! हिच्या दोन्ही मुठी मिळून नाहीत एवढ्या. अगं, खसखशीपेक्षा जरासंच मोठं काळं बी ते, मी टाचणीच्या टोकानं सारून सारून पेरलं होतं. हे एवढं सगळं त्यात कुठे मावलं होतं?

धुऊ?… बरं, नाही धुत. हिच्या तोंडात माती जाईल म्हणून… हो, मीही खाल्ली होती, आहे जिवंत. पात तरी छाटू?… तीही नाही. मान पार वाळू दे. सावलीत, वाऱ्याला, एकावर एक न रचता… हो, हो… कुठे पसरू पण? थांब! हिचा जाळीचा पाळणा आहे ना, त्यात आता मावत नाही ती. खालूनही वारा लागेल… हस, हस. आणि साल कुरकुरीत झाली की वेणी घालून टांगायचे?… अगं, मला माझी वेणी धड जमत नाही!

काय म्हणालीस?… सगळ्यांत चांगले बाजूला ठेवायचे… खायचे नाहीत?… पुन्हा मातीत? म्हणजे फूल येईल, बी धरेल… म्हणजे बाबांचं बी…

मग हे आधी नाही सांगायचं? इतके दिवस माझा जीव टांगणीला!… बाबा दर वर्षी करायचे? मागच्या दारी ते पांढऱ्या फुलांचे गेंद… ते कांदे होते?

आई?… नाक का ओढतेस?… कांद्यानं? अगं, कांदा इकडे माझ्या हातात आहे, अजून चिरलासुद्धा नाही!

…बरं. नाही विचारत.

छोटे, पात नको ओढू… आई, हिनं नाकाला लावला आणि शिंकली बघ. ऐकलंस?… हो. अगदी त्यांच्यासारखी.

चल, ठेवते. पाळणा काढायचाय.