अकराचा गजर

नाव व पत्ता वरच्या रकान्यात लिहिल्याप्रमाणे. वय ६३. धंदा: पूर्वी शाळेत शिपाई, घंटा देणे, सध्या काही नाही.

डायलिसिस सेंटरच्या व्यवस्थापकांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिल्यावरून मला पोलीस चौकीत बोलावले. मी आपल्या पायांनी आलो असून समक्ष सांगतो की,

माझ्या दोन्ही किडन्या निकामी आहेत. चार वर्षांपासून आठवड्यातून तीनदा या सेंटरमध्ये रक्त शुद्ध करून घेतो. डॉक्टरांनी दर वेळी चार तास लिहून दिले आहेत. सेंटरवाले सव्वातीन तासांत मशीन बंद करतात, कारण बाहेर पुढचे पेशंट थांबलेले असतात. फाइलीवर मात्र चार तास लिहितात. मी एकतीस वर्षे घंटा दिली. एकही वर्ग मिनिटभर आधी सोडला नाही. मला वेळ शिकवायला जाऊ नये.

मी याबद्दल विचारले, तर पुढच्या खेपेस भिंतीवरचे घड्याळ गायब. सेल संपला म्हणाले.

शेजारच्या बेडवर शिवणकाम करणाऱ्या ताई असायच्या. त्यांच्या पायांवर सूज असे, बोलताना धाप लागे. "भाऊ, आज पुरतं झालं का हो?" असे त्या दर वेळी मला विचारत. गेल्या सोमवारपासून तो बेड दुसऱ्याला दिला आहे.

आज सकाळी सात वाजता मशीन सुरू झाले. मी घरचे गजराचे घड्याळ नेले होते, ते अकराला लावून उशाशी ठेवले. सव्वादहाला टेक्निशियन सुया काढायला आला. मी म्हणालो, "हात लावू नकोस. अकरा वाजू देत."

व्यवस्थापक आले. म्हणाले, "काका, उगाच तमाशा नको. पटत नसेल तर दुसरीकडे जा."

मी म्हणालो, "कुठेही जाणार नाही. फाइलीत चार लिहिता ना? मग चार द्या."

समोरच्या बेडवरच्या तिघांनीही सुया काढू दिल्या नाहीत. सुरक्षारक्षकाने माझे घड्याळ उचलून व्यवस्थापकांच्या खोलीत नेले. अकरा वाजता ते तिथेच वाजले. ते कसे बंद करायचे हे त्यांना कळेना. आम्हा सगळ्यांना नीट ऐकू आले. मग आम्ही सुया काढून घेतल्या.

मी शिवी दिली नाही, कोणाच्या अंगाला हात लावला नाही. परवा पुन्हा माझी पाळी आहे आणि मी जाणार आहे. घड्याळ जप्त करायचे तर करा, पावती द्या. समोरचे तिघे आपापल्या घरचे आणणार आहेत.

हवालदारांनी हे सर्व मला वाचून दाखवले. एका ठिकाणी "गोंधळ घातला" असे लिहिले होते. ते खोडायला लावून "चार तास मागितले" असे लिहून घेतले. आता बरोबर आहे.