समुद्र की बर्फ

तुमचा हिवाळी सहलीचा वाद ऐकून आमच्या घरचा आठवला. साठ सालच्या आसपासची गोष्ट. वडील अमरावतीला वकील, नाताळात कोर्ट बंद. मला समुद्र पाहायचा होता, दादाला शिमल्याचा बर्फ. आमचं काही मिटेना, तेव्हा वडिलांनी आईला विचारलं, "तुले कुठं जायचं?"

"वलगावले," आई म्हणाली.

वलगाव म्हणजे टांग्याच्या अंतरावरचं तिचं माहेर. माझ्या मुंजीत मानपानावरून मामांशी बिनसलं, आणि वडिलांनी शपथ घेतली, त्या घरचं पाणी पिणार नाही. तेव्हापासून आईही गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी टांगा वलगावात थांबला. मामा दारात नुसते उभे राहिले. वडील पायरीवर टेकले आणि म्हणाले, "तहान लागली. पाणी द्या."