रिकाम्या टाकीतली हालचाल

बायको गेल्यापासून घरात कुणाचा आवाज नव्हता, म्हणून बसमध्ये तो लोकांचं बोलणं मन लावून ऐके. आज मागच्या बाकावर मत्स्यपालन केंद्रात कामाला असलेली बाई भावाशी तावातावाने बोलत होती.

“दादा, तीन दिवस मी कानीकपाळी ओरडत होते, मासे मलूल झालेत, तळाशी बसलेत.”

“मग साहेब काय म्हणाले?”

“म्हणे, हालचाल मोजायचं यंत्र मासे जोरात पोहतायत असं दाखवतंय! अरे, हवेचा पंप पाणी घुसळतोय, तेच मोजतंय ते मेलं यंत्र! मेलेले मासे पाण्याबरोबर गरगर फिरत होते, तेही यंत्राने पोहण्यात धरले.”

“आणि मासे मेल्याचं खापर तुझ्यावर?”

“तर काय! मी कळवलंच नाही असं लिहून सही कर म्हणतात, नाहीतर घरी बस.”

“केलीस?”

“करते माझं खेटर! सगळे मासे उपसले, टाकीत नुसतं पाणी ठेवलं, पंप लावला आणि साहेबांना यंत्राच्या पडद्यासमोर उभं केलं.”

“काय दाखवलं?”

“मासे ठणठणीत!”

“मग तरी पटलं असेल.”

“कसलं! म्हणाले, ‘नीट बघ, एखादा राहिला असेल.’ मी म्हटलं, ‘शोधा तुम्हीच. सापडला की कागदावर त्याचीच सही घ्या.’”