ओगावा-सानांचा बँड आणि माझी टाळी

मुलाला तबला शिकवतोयस ते छान, पण जपानला पाठवशील तेव्हा त्याचे हात बांधून पाठव.

मी टोकियोत निशी-कसाईला राहायचो तेव्हाची गोष्ट. तिथल्या मोठ्या भूकंपाला वर्ष होऊन गेलं होतं. बँकेतले माझे साहेब ओगावा-सान, म्हणजे कागदावरचा शिक्का जरा तिरका लागला तरी पुन्हा मारायला लावणारा माणूस. एक दिवस म्हणाले, "शनिवारी दुपारी या. भूकंपग्रस्तांसाठी आमच्या बँडचा कार्यक्रम आहे. मी ट्रॉम्बोन वाजवतो."

बँड स्काचा होता. स्का म्हणजे जमैकाकडचं नाचरं संगीत, त्यात सगळा जोर दोन मात्रांच्या मधे. लोक टाळ्याही तिथेच देत होते. मला ते सहन होईना. सात वर्षं तबला शिकलेला मी, पहिल्या रांगेतून समेवर खणखणीत टाळी द्यायला लागलो. पाहुण्याला एकटं कसं पाडायचं, म्हणून शेजारच्या काकू माझ्याबरोबर टाळ्या देऊ लागल्या. मग त्यांचे यजमान, मग आख्खी रांग. शेवटी ड्रमवाला माझ्याकडे बघत थांबलाच.

सोमवारी ओगावा-सानांनी मला पुढच्या कार्यक्रमाला आग्रहाने बोलावलं. मी बायकोला म्हटलं, "बघ, कान आहे साहेबांना."

त्या कार्यक्रमाला गेलो, तर दारातच ओगावा-सानांनी वाकून माझ्या हातात मदतपेटी ठेवली.

"ही तुम्हीच सांभाळा. आमच्याकडे अशी वस्तू दोन्ही हातांनी धरतात."

"किती वेळ?"

"शेवटचं गाणं संपेपर्यंत."