दगडी भिंतीतलं बटन

...न्हाई, भिंत वाईट झालीये असं मी म्हनतच न्हाई! लई झ्याक झालीये, राव... पण बटन कुठाय? तुमाला सांगतो, आमच्या आरतीनं, म्हंजी सूनबाईनं, मंचरचा रंगारी आनला. त्यानं पुढच्या खोलीची भिंत हुबेहूब काळ्या दगडाची केली, आन् जाता जाता विजेचा बोर्डबी त्याच रंगानं रंगवून टाकला! मी म्हनलं, "बाबा, ह्यो तरी पांढरा ऱ्हाऊ दे." तर मान वाकडी करून म्हनतो कसा, "मामा, बोर्ड दिसला की फिनिशिंग मेली! शोधून दावा, रंगवायचं सोडून देतो!"

न्हाईच सापडला, राव, कुनाला! पावणं येत्यात, भिंत चाचपत्यात, "बटन कुठाय?" म्हनून हसत्यात. हसू द्या! पण आमची बानूबाई? माझी मालकीण वो. तिच्या डोळ्यांना आता आकार कळत न्हाई, रंग तेवढा कळतो. आधीच्या निळ्या भिंतीवर पांढरा बोर्ड दिसायचा, जाऊन खटकन् दिवा लावायची. आन् परवा मी मेंढरं घेऊन आलो, तर दिवेलागणीला अंधारात बसलेली! म्हनलं, "अगं, हाक मारायची!" तर म्हनती, "माझ्याच घरात दिव्यापायी कुनाकुनाला हाका मारू?"... लई वाईट वाटलं, मंडळी.

मंग काय! मेंढरांच्या पाठीवर खुणंला लावतो ना, त्यो लाल रंग घेतला, आन् दिला बोर्डावर ठसठशीत फासून! सूनबाई वराडली, "मामंजी! समदी भिंत घालवली!" घालवली तर घालवली! बानूबाई उठली, नीट चालत गेली, दिवा लावला, आन् हसली.

तेवढ्यावर भागलं असतं, तर... पण आली ना वारूळवाडीची सोनीआक्का! माझी थोरली भैन. तिच्याम्होरं घरात कुनाचं चालत न्हाई. आत आली आन् थबकलीच. काळा दगूड, वर लाल रंग... झटक्यात चपला काढल्या, हात जोडले. "घरात म्हसोबा बसवला व्हय रे? सांगायचं तरी!"

"आक्का, बटन हाय ते!"

"गप! देवाला बटन म्हनतोस?"

हळद वाहिली, नारळ फोडला, आन् बजावून गेली, "बिनआंघुळीचं कुनी शिवायचं न्हाई!"

आरती खूश, भिंतीला मान मिळाला. बानूबाईबी देवाधर्माला भिती, ती आक्काचा शब्द कशाला मोडती? आता फटफटायला लागलं की उठती, बोर्ड लांबनंच दिसतो तिला, हात जोडती... आन् अंधाऱ्या न्हानीत चाचपत आंघुळीला जाती. न्हानीतल्या दिव्याचं बटन त्याच बोर्डावर हाय, राव!