टोपीनं धरलेली जागा

(क्रांती चौकाजवळचं समुपदेशन केंद्र. गटाची आठवी, शेवटची बैठक. अपेक्षा मॅडम, करमाडचे बद्रीनाथराव आणि मेंढरं-शेळ्या राखणाऱ्या बानाबाई. एका रिकाम्या खुर्चीवर बद्रीनाथरावांची टोपी.)

बद्रीनाथ : ...म्हणून आपल्या गटातल्या अंगदला म्हटलं, बायकोला आणायला जा, पण मेव्हण्याशी हुज्जत घालू नको. गेला, घेऊन आला. त्या दुसऱ्या सांडूनं तंबाखू सोडली. दोघांची प्रकरणं मिटली, म्हणून तर आज आले नाहीत.

अपेक्षा : काका, प्रकरणं मिटवायला नव्हतो बसलो आपण.

बद्रीनाथ : तुमच्याबद्दल तक्रार नाही हो मॅडम. तुम्हीही मेहनत घेता.

अपेक्षा : सात आठवड्यांत तुम्ही स्वतःबद्दल काय बोललात, ते वहीत लिहिलंय. वाचू?

बद्रीनाथ : वाचा की.

अपेक्षा : 'चहात साखर कमी आहे.'

बानाबाई : दोन येळा म्हनले व्हते.

बद्रीनाथ : बानाबाई, तुम्ही तरी काय बोललात? नुसत्या शेळ्या!

बानाबाई : शेळ्यांचं बोलता बोलता रडले तर खरी. तुमी लगेच रुमाल दिला अन् शेळीला काय पाजायचं ते सांगितलं.

बद्रीनाथ : मग? गुण आला का नाही?

बानाबाई : शेळीला आला.

अपेक्षा : काका, ही खुर्ची मी पहिल्या दिवशी रिकामी ठेवली. तुमचा मुलगा शिवराज समोर बसलाय असं समजून बोला म्हटलं. तुम्ही तिच्यावर टोपी ठेवलीत.

बद्रीनाथ : एसटीत ठेवतात तशी. जागा धरलेली बरी.

अपेक्षा : पोरगा दर गुरुवारी गाडीतून आणतो, वाटेत एक शब्द बोलत नाही. आत्ताही खाली उभा आहे. त्याचं म्हणणं एवढंच, बाबांनी त्या दिवसाचा विषय काढला की मी वर येतो. आणि उद्या तो पुण्याला चाललाय. बिऱ्हाड घेऊन.

बद्रीनाथ : ठाऊक आहे.

अपेक्षा : मग?

बद्रीनाथ : एक गोष्ट सांगतो. शेजारच्या गावात एक माणूस होता. लोकांचे तंटे मिटवायचा. लई मान. एकदा त्याच्याच पोराचं बांधावरून भांडण झालं, तेही त्याच्यापुढंच आलं. बाप पोराकडं झुकला असं कुणी म्हणू नये, म्हणून त्यानं भर पारावर सांगितलं, चूक पोराची.

अपेक्षा : पोराचं म्हणणं काय होतं?

बद्रीनाथ : ते... विचारायचं राहिलं.

बानाबाई : भाऊ, गाव कंचं म्हनायचं हे?

बद्रीनाथ : करमाडजवळ.

बानाबाई : किती जवळ?

बद्रीनाथ : ...करमाडच.

अपेक्षा : शिवराजला फोन करू?

बद्रीनाथ : करा. पण तो वर आल्यावर मी बोलायचं काय?

बानाबाई : काय बी नगं. टोपी तेवढी उचला.