खोबरं जाळणारच

आता तुम्हीच सांगा, माझ्या स्वयंपाकघरात मी कायले ऐकून घेऊ? पोराचं लग्न जुळून राहिलं होतं. पोरगी रत्नागिरीची. मायलेकी आमगावले आमचं घर पाहायले आल्या, संग नारळाच्या दुधाचा डबाही आणला. मी बोदलकशाच्या तलावातली मासोळी करायले घेतली. रश्श्यासाठी सुक्या खोबऱ्याची वाटी गॅसवर धरली, तशी ती पेटली. पेटणारच. त्याशिवाय आमचा रस्सा काळा होत नाही.

"अहो, आग!" होणारी विहीण ओरडली अन् तांब्याभर पाणी ओतलं खोबऱ्यावर!

पोरगा मले डोळ्यानं चूप राहा म्हणून राहिला. मी दुसरी वाटी घेतली अन् पेटवली.

"आमच्याकडे खोबऱ्याचं दूध काढतात," विहीणबाई म्हणाल्या.

"आमच्याकडे जाळतात."

जेवताना तिखटानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुधाचा डबा फोडून थेट रश्श्याच्या गंजाकडं निघाल्या. मी झाकण दाबून धरलं.

"तुमच्या वाटीत घाला, बाई. माझ्या गंजात नाही."

पोरगा घामाघूम. मले वाटलं, मोडलं लग्न. मोडू दे!

तेवढ्यात पोरीनं माझ्यासमोर वाटी धरली.

"मला बिनदुधाचा वाढा, आई."